तोंडावरून वारं गेलं त्या वर्षी

डिसेंबर २०१९ मधली सकाळ. दात घासून चूळ भरली तर पाणी तोंडात राहीचना, डाव्या कोपऱ्यातून सरळ गाऊनवर. झोप उतरली नसेल म्हणून पुन्हा भरली, पुन्हा तेच. आरशात पाहिलं तर अर्धा चेहरा माझा होता आणि अर्ध्यावरून कुणीतरी इस्त्री फिरवल्यासारखा. आदल्या दिवशी कानामागं ठणकत होतं, बसच्या खिडकीचं वारं लागलं असेल म्हणून ओव्याच्या पुरचुंडीनं शेकून झोपले होते.

नवऱ्यानं मला बघितलं आणि काही न बोलता गाडीची किल्ली घेतली. त्याच्या डोक्यात एकच शब्द होता, अर्धांगवायू. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "भुवया वर करा." उजवी गेली, डावी ढिम्म. कपाळाच्या एका बाजूला आठ्या, दुसरी बाजू सपाट. यावर डॉक्टर चक्क खूश झाले. मेंदूतला झटका असता तर कपाळाच्या आठ्या बहुधा शाबूत राहिल्या असत्या म्हणे, कारण कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतात. कपाळसुद्धा लुळं पडलं, म्हणजे बिघाड वर नाही, चेहऱ्याच्या नसेत आहे. ही सातवी नस कानामागच्या हाडातल्या एका चिंचोळ्या बोळातून येते, तिथं तिला सूज आली की ती स्वतःच्याच बोळात अडकते. नाव बेल्स पाल्सी. पहिल्या तीन दिवसांत स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या तर बहुतेकांचं चांगलं बरं होतं. डोळा मिटत नाही म्हणून दिवसभर थेंब आणि रात्री पापणीवर पट्टी.

आमच्याकडे याला एवढं लांबण लागत नाही. "तोंडावरनं वारं गेलं," सासूबाईंनी दारातच निदान केलं. शेजारच्या काकूंनी पारव्याचं मटण सुचवलं. सासूबाई माळकरी. त्यांनी कानांवर हात ठेवले, पण संध्याकाळी हळूच विचारलंच, "औषध म्हणून चालत असंल का गं?"

मी कराडला एका बँकेत कॅशियर आहे. कॅशियरचं काम बाहेरून फार रटाळ दिसतं, पण ते तसं नाही. काचेखालच्या फटीतून आधी हात येतो, मग नोटा येतात, माणूस सगळ्यात शेवटी. त्यामुळं माणसं हातांवरून आणि नोटांवरून ओळखायची खोड लागते. मासळीवाल्या मावशींच्या नोटा दमट. रसवंतीवाल्याच्या एकमेकींना चिकटलेल्या. शिक्षकांच्या बंडलात सगळे गांधीजी एकाच दिशेला बघत असतात आणि रबर दोनदा गुंडाळलेलं असतं. एखादी आजी कमरेची पिशवी सोडते, आतून आठ घड्यांची नोट निघते, ती मशीन घेत नाही म्हणून हातानं सरळ करत बसायचं. पेट्रोल पंपावरचा पोरगा पैसे देताना आपल्याकडं बघतसुद्धा नाही, कारण त्यानं ते आधीच तीनदा मोजलेले असतात. जो फार बघतो, फार गोड बोलतो, त्याच्या बंडलात एखादी नोट कमी निघते. असं माझं शास्त्र. वीसेक वर्षांत मला वाटायला लागलं होतं, की माणूस काउंटरपर्यंत पोचायच्या आत मला कळलेला असतो.

आणि लोकांना मी कळलेली होते. हसऱ्या मॅडम. नवीन गिऱ्हाईक आलं की शिपाई सांगायचा, "दोन नंबरला जावा, हसऱ्या मॅडमकडं."

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी कामावर परत गेले. पेन्शनचे दिवस, रांग दारापर्यंत. सवयीनं पहिल्या माणसाकडे बघून हसले आणि त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की काहीतरी चुकलं. अर्धं हसू कसं दिसतं ते आरशासमोर करून बघा. ओठाचा फक्त उजवा कोपरा वर न्यायचा, डावा जिथल्या तिथं ठेवायचा आणि डाव्या डोळ्यानं टक लावून बघत राहायचं. मालिकेतली कारस्थानी जाऊ दिसते. त्यात प, ब, म हे ओठांचे सगळे वर्ण निसटत होते. 'पासबुक' म्हणायला गेले की 'फासवुक' व्हायचं, म्हणून मी बोलणंच कमी केलं होतं. म्हणजे न बोलणारी, तिरकं हसणारी, टक लावून बघणारी बाई.

"काय झालं मॅडम?" असं सरळ विचारणारे मोजकेच. मंडईतली एक भाजीवाली आली, काचेला नाक लावून बघितलं आणि म्हणाली, "वारं गेलं व्हय? माझ्या धाकट्या जावंचं बी गेल्तं. हुतंय बरं." पैसे घेऊन गेली. तिचं माझ्याबद्दलचं मत तिथंच होतं, आधी होतं तेच. ज्यांनी विचारलं नाही, त्यांनी आपापलं ठरवून टाकलं.

त्यातले एक निवृत्त गुरुजी. स्लिपवर अक्षरी रक्कम चौदा हजार लिहिली होती आणि आकड्यात ४१,०००. घाईत होतं असं. मी स्लिप परत सरकवली, "होतं काका असं," म्हटलं आणि हसले. ते माझ्या तोंडाकडे दोन क्षण बघत राहिले. स्लिप नीट लिहून दिली, पैसे मोजून घेतले, मग सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि तक्रारवही मागितली.

साहेबांनी मला दुपारी वही दाखवली. सुरेख अक्षर, फूटपट्टीनं मारावी तशी शिरोरेघ. 'कॅश काउंटरवरील महिला कर्मचारी ज्येष्ठ नागरिकांकडे पाहून छद्मीपणे हसतात. तरी योग्य ती समज द्यावी.'

"मॅडम," साहेब वहीकडेच बघत म्हणाले, "तुम्ही जरा... कमी हसा."

"अर्धंच हसतेय साहेब. याच्याहून कमी कसं करू?"

त्यावर तेही हसले, मीही, आणि माझ्या त्या हसण्याकडं बघून ते पुन्हा गंभीर झाले.

मग मी हसणं बंदच केलं. पंधरा दिवसांत दुसरा निकाल कानावर आला. मॅडम हल्ली फार ताठ्यात असतात, प्रमोशनचं चाललंय म्हणे.

मला गुरुजींचा राग आला होता. आयुष्यभर वर्गात पोरांचे चेहरे बघितलेल्या माणसाला एक बाजू हलत नाही एवढं दिसू नये? रात्री लेकीला फोनवर हेच ऐकवत होते. ती पुण्यात मानसशास्त्र शिकते. तिला माझ्या दुःखापेक्षा माझ्या केसमध्ये जास्त रस. म्हणाली, "आई, त्यांनी चेहरा वाचलाच नाही, वर्गवारी केली. सगळे तेच करतात. तूपण." आणि तिनं मला सॉलोमन ॲश नावाच्या माणसाचा १९४६ सालचा प्रयोग सांगितला. एका अनोळखी माणसाचं वर्णन म्हणून लोकांना गुणांची यादी ऐकवायची: हुशार, कुशल, मेहनती, प्रेमळ, निश्चयी, व्यवहारी, सावध. दुसऱ्या गटाला हीच यादी, फक्त 'प्रेमळ'च्या जागी 'थंड'. मग विचारायचं, हा माणूस आणखी कसा असेल? पहिला गट सांगतो उदार, आनंदी, विनोदी. दुसऱ्या गटाच्या डोळ्यांसमोर उभा राहतो तो भलताच माणूस. गंमत म्हणजे 'प्रेमळ' आणि 'थंड' काढून तिथं 'सभ्य' आणि 'तोंडफाटका' घातलं, तर एवढा फरक पडत नाही. म्हणजे सगळे शब्द सारखे नसतात, एखादाच शब्द बाकीच्यांना आपला रंग लावतो.

यावर माझा विश्वास बसेना म्हणून मी बँकेत करून बघितलं. नवीन साहेब येणार अशी बातमी होतीच. चहाच्या वेळी क्लिअरिंगच्या टेबलावरच्या मुलीला म्हटलं, "हुशार आहेत म्हणे, कामाला वाघ, शिस्तीचे, पण मायाळू." जेवणाच्या सुट्टीत हेच वाक्य कर्ज विभागातल्या सहकाऱ्याला सांगितलं, फक्त शेवटी "पण तुटक". संध्याकाळपर्यंत मुलीनं मला सांगितलं की असे साहेब सणाला लवकर सोडतात, शिस्त म्हणजे काय, वडिलांसारखी. सहकाऱ्यानं सांगितलं की असली माणसं रजेच्या अर्जावर कारण विचारतात, मेमो देतात, त्यांच्या हाताखाली त्यानं काढलंय एक वर्ष. दोघांनी साहेबांचं नावसुद्धा ऐकलं नव्हतं. साहेब आले ते दोन्हींतले नव्हते, त्यांना फक्त क्रिकेटमध्ये रस होता. पण तो सहकारी अजूनही त्यांच्या केबिनमध्ये जाताना शर्ट खोचतो.

लेकीनं आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला जास्त झोंबली. २००६ मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टनला अनोळखी चेहऱ्यांचे फोटो एक दशांश सेकंद दाखवून विचारलं गेलं, हा माणूस विश्वासू वाटतो का, कर्तबगार वाटतो का. तेवढ्या वेळात लोकांनी जे मत बनवलं, ते निवांत बघून मत देणाऱ्यांशी बरंच जुळलं. जास्त वेळ दिल्यावर मत फारसं बदलत नव्हतं, मतावरची खात्री तेवढी वाढत होती. आमचं नोटा मोजायचं मशीन मिनिटाला हजारेक नोटा मोजतं. एक दशांश सेकंद म्हणजे धड दोन नोटासुद्धा नाहीत. आणि मी वीस वर्षं त्याला शास्त्र म्हणत होते.

त्या रात्री मला दोनेक वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली. आठवायची नव्हती, पण आठवली. काउंटरवर गॅरेजमधला एक पोरगा होता, नखांत ऑइल, पाचशेच्या वीस-बावीस नोटा भरायच्या होत्या. मी एकेक नोट हातानं मोजली, उजेडाकडे धरली, तिरकी करून आतल्या धाग्याचा हिरवा रंग निळा होतो का बघितलं. तेवढ्यात मागं एक ओळखीचे गृहस्थ आले, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. मी पोराला म्हटलं, "थांब जरा," आणि त्यांचं बंडल मशीनमध्ये टाकून त्यांच्या मुलीच्या लग्नाची चौकशी करू लागले. मशीन मध्येच थांबलं. त्यांच्याच बंडलात पाचशेची एक नोट बनावट.

असली नोट परत देता येत नाही. देणाऱ्यासमोर तिच्यावर शिक्का मारायचा, नोंद करायची, त्याला पावती द्यायची. एका वेळी चारपर्यंत सापडल्या तर महिन्याच्या शेवटी एकत्रित अहवाल पोलिसांकडे जातो, पाच किंवा जास्त असतील तर लगेच गुन्हा. गृहस्थ लालबुंद झाले. मीच त्यांना धीर दिला, "बाजारात फिरत असतात साहेब, तुम्ही तरी काय करणार." मनापासून म्हणाले, आणि बहुधा खरंही होतं ते. पण तीच नोट त्या पोराच्या पैशांत निघाली असती, तर मी 'फिरत असतात' म्हटलं नसतं, शिपायाला दार लावून घ्यायला सांगितलं असतं. एकाच्या हातात ती नोट त्याचं दुर्दैव, दुसऱ्याच्या हातात त्याचा धंदा. पोरगा तोवर बाजूला उभा होता, कारण मी त्याची पावती फाडून दिलेलीच नव्हती. "झालं का मॅडम?" त्यानं विचारलं. मला आठवतंय, मी हसले होते. दोन्ही बाजूंनी.

मार्चपर्यंत ओठ बराचसा जागेवर आला. शिट्टी येऊ लागली, ही आमच्या घरातली मोजपट्टी. मार्चच्या शेवटी लॉकडाऊन लागला आणि सगळ्या गावाचाच अर्धा चेहरा गेला.

बँका चालूच होत्या. एप्रिलमध्ये बायकांच्या जनधन खात्यांत महिन्याला ५०० रुपये, असे तीन महिने जमा होणार होते, आणि गर्दी नको म्हणून खाते क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यावरून दिवस ठरवून दिलेले. पहिल्या दिवशी शून्य आणि एकवाल्या. निम्म्या बायकांना आकड्यांचं कळलंच नव्हतं, आठवाल्या पहिल्याच दिवशी चालत आलेल्या. बँकेबाहेर खडूची वर्तुळं, वर्तुळात चपला ठेवून बायका सावलीला बसलेल्या. काउंटरला प्लास्टिकचा पडदा, तोंडाला मास्क, डोक्यावर टोपी. माझं फक्त डोळ्यांएवढं तोंड बाहेर होतं आणि खरं सांगते, इतकं हलकं मला तीन महिन्यांत वाटलं नव्हतं. सगळे माझ्यासारखेच झाले होते. मास्कच्या आत मी पूर्ण हसत होते, ते कुणाला दिसत नव्हतं, म्हणून मग तोंडानं सांगायची सवय लावून घेतली. "रागावले नाही मावशी, हसतेय. अंगठा इथं टेका."

मग निसर्गानं थट्टा केली. दुखावलेली नस पुन्हा वाढताना तिचे काही धागे चुकीच्या घरी जातात. ओठांना निघालेला हुकूम पापणीलाही पोचतो. जूनच्या सुमारास माझ्या लक्षात आलं, की मी हसले की डावा डोळा हलकेच मिटतो. आता विचार करा. मास्कमुळं ओठ दिसत नाहीत, दिसतात ते फक्त डोळे, आणि पैसे हातात देताना कॅशियर मॅडम एक डोळा मिटतात. एक कुरिअरवाला पोरगा तर आठवड्यातून तीनदा येऊन दोनशे-दोनशे रुपये काढायला लागला. शिपायानं त्याला काय समजावलं माहीत नाही, पण नंतर तो एटीएमलाच जायचा. ती तक्रार तेवढी कुणी वहीत लिहिली नाही.

जुलैत आमच्याकडे एक नवा अधिकारी रुजू झाला, मराठवाड्याकडचा, पंचविशीचा. मोठे शांत डोळे, खर्जातला आवाज. मी त्याला मिशी लावून टाकली होती. भरघोस, खाली थोडी वळलेली. जबडा रुंद. कुणी सांगितलं नव्हतं, माझी मीच लावली होती, आणि तीन महिने मी त्या मिशीवाल्या माणसाशी बोलत होते, त्याच्यावर भरवसा ठेवत होते, अवघड गिऱ्हाईक त्याच्याकडे पाठवत होते. एकदा डबा खाताना त्यानं मास्क काढला. तुळतुळीत हनुवटी, पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले, शाळकरी पोराचं तोंड. मला चक्क फसवल्यासारखं वाटलं. त्यानं काही केलेलं नव्हतं, बिचारा थालीपीठ खात होता. पण दुपारी एक किचकट मृत्यूदाव्याचं प्रकरण आलं, ते मी त्याच्याकडे न देता दुसरीकडे सरकवलं आणि टेबलावर परत आल्यावर मला माझीच लाज वाटली. तोही त्या दिवशी माझ्याकडे बघून म्हणाला होता, "मॅडम, तुम्ही अशा असाल वाटलं नव्हतं." "अशा म्हणजे कशा?" विचारल्यावर हात धुवायला निघून गेला.

नोव्हेंबरात मला कॅशवरून काढून पेन्शनच्या टेबलावर बसवलं. हयातीच्या दाखल्याचा महिना. माणूस समोर बसवायचा, कागदावरचा फोटो आणि चेहरा ताडून बघायचा, सही घ्यायची आणि लिहून द्यायचं की हा इसम जिवंत आहे. दिवसभर मी म्हणत होते, "काका, मास्क जरा खाली घ्या. चेहरा बघायचाय."

दुसऱ्या आठवड्यात गुरुजी आले. आठ महिने घराबाहेर पडले नव्हते, सोबत नातू. हात थोडा थरथरत होता, पण सही तशीच, शिरोरेघ तशीच. मास्क खाली घेतला. गाल आत गेले होते आणि दाढीचे खुंट पांढरे. मी फोटो बघितला, त्यांना बघितलं. पाय दुखतात का, औषधं मिळतात का, असं विचारलं. माझा मास्क अर्थातच वर होता.

शिक्का मारून कागद पुढं केला तेव्हा ते उठता उठता थांबले.

"तुम्ही आलात ते बरं झालं," ते म्हणाले. "आधी तिकडं कॅशला एक बाई होत्या. माणसाकडं बघून अशा हसायच्या की पुन्हा यावंसं वाटू नये."

नातवानं त्यांचा दंड धरला होता. मागं अजून अकराजण बसलेले.

"बदली झाली त्यांची," मी म्हटलं आणि पासबुक प्रिंटरला लावलं.